आधी साधा एक्स-रे, मग तुकडा, मग चाकू

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. काहींना झोंबेल. झोंबू दे.

गेल्या सोमवारी रात्री साडेनऊला दारावर थाप पडली. आमच्याच गल्लीतला पोरगा, टेम्पो चालवतो, वय ३४. मागे त्याची आई, डोळे सुजलेले, हातात एमआरआयची ती भलीमोठी पिशवी. "काका, टाचेच्या हाडात ट्युमर निघालाय. परवा ऑपरेशन. नव्वद हजार सांगितलेत, दहा आजच भरले."

मी विचारलं, एक्स-रे कुठाय? तर एक्स-रे काढलेलाच नाही. पाय मुरगळला म्हणून गेला, टाच दाबल्यावर दुखतंय म्हणाला, थेट एमआरआय लिहून दिला.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. अंधाऱ्या खोलीत डेव्हलपरमध्ये फिल्म बुडवण्यापासून ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन सेकंदांत हाड दिसण्यापर्यंत सगळं या हातांनी केलंय. निदान करणं माझं काम नव्हतं, आजही नाही. पण एवढी हाडं बघितल्यावर कुठली गोष्ट कुणाला दाखवायची आणि कुठल्या क्रमानं, एवढं कळतं. माझं भांडण त्या क्रमाचंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गेलो, टाचेचा बाजूनं एक्स-रे काढून घेतला. तीनशे रुपये. टाचेच्या हाडात पुढच्या अंगाला त्रिकोणासारखी काळी पोकळी, भोवती खडूनं आखावी तशी बारीक पांढरी कड. फिल्म बघितली आणि त्याची आई म्हणाली, "हा तर मागंबी पडला होता गाडीवरनं, तवा ह्याच पायाचा फोटो काढला होता." घरी गेली आणि ट्रंकेखालनं पाकीट काढून आणलं. फिल्म २०१६ सालची, कोपरे दुमडलेले. दोन्ही फिल्म ट्यूबलाइटसमोर धरल्या. तीच पोकळी, तेवढीच, त्याच जागी. तेव्हा घोट्याचं हाड मोडलंय का एवढंच बघितलं, टाचेकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

इतकी वर्षं त्याच टाचेवर हा माणूस टेम्पोचा क्लच दाबतोय, गणपतीत नाचतोय, आणि परवा त्याचं ऑपरेशन होतं!

जिल्ह्याच्या गावी एक जुने हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं पाठवला. त्यांनी दोन्ही फिल्म बघितल्या, टाच दाबून बघितली, एमआरआयही बघितला आणि सांगितलं: साधी सिस्ट आहे, पाण्याची पोकळी. मुरगळलेला लिगामेंट दुखतोय, सिस्ट नाही. सहा महिन्यांनी एक एक्स-रे, मग वर्षानं एक. बस्स. ऑपरेशन रद्द. भरलेले दहा हजार परत मागायला गेला तर काउंटरवरच्या बाईंनी नियम दाखवला. ते दहा हजार गेले ते गेलेच.

आता जरा या सिस्टविषयी, कारण भीती अज्ञानातून येते आणि धंदा भीतीवर चालतो.

हाडात पोकळी होते हे काही नवीन नाही. न्यूयॉर्कच्या जाफे आणि लिख्टेनस्टाइन या दोन डॉक्टरांनी १९४२ साली साध्या सिस्टवर मोठा लेख लिहिला, त्यातच रक्तानं भरलेली सिस्ट ही वेगळी चीज आहे हेही सांगितलं. त्या लेखाच्या नावातच एक्स-रे चित्राचा उल्लेख आहे. तेव्हा एमआरआय जन्मालाही आला नव्हता आणि तरी माणसं ओळखत होती. साधी सिस्ट बहुतेक वेळा लहान मुलांत आणि वाढत्या वयात सापडते, दंडाच्या आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. आत पिवळसर पातळ पाणी. हाड मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. वाढ संपली की ही सिस्ट बहुधा शांत होते, कित्येकदा भरूनही येते. मोठ्या माणसात ती सापडते ती टाचेत नाहीतर कमरेच्या रुंद हाडात, आणि तीही बहुतेक दुसऱ्याच कारणासाठी फोटो काढला म्हणून. त्यात टाचेची आणखी एक गंमत आहे. टाचेच्या हाडात एक त्रिकोणी जागा अशी आहे की तिथं हाडाच्या जाळीचे धागे मुळातच विरळ असतात. चांगल्या धडधाकट टाचेतसुद्धा तिथं पोकळी असल्याचा भास होतो. एक्स-रे विभागात नवीन आलेली पोरं हमखास दचकायची.

टाचेची सिस्ट ऑपरेशन करायचीच नसते असं नाही. पोकळी हाडाची पूर्ण रुंदी व्यापत असेल, भिंत कागदासारखी झाली असेल, चालताना तिथंच दुखत असेल, तर खरवडून हाडाचा चुरा भरतात, आणि ते बरोबरच आहे. मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्याजवळ असेल तर वाट बघणं धोक्याचं, तिथं मोडलं तर माणूस आडवा होतो. लहान मुलांच्या सिस्टमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. मोठ्यांना त्याची गरज क्वचित. म्हणजे प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा. आणि तो हिशोब "ट्युमर आहे, परवा या" या चार शब्दांत होत नसतो.

साठीच्या आसपासच्या मंडळींनी तर गुडघ्याच्या नाहीतर खुब्याच्या एमआरआयमधला 'सिस्ट' हा शब्द वाचून घाबरूच नये. घासलेल्या सांध्याच्या कडेला हाडात अशा बारीक पोकळ्या होतातच. उपचार सांध्याचा, पोकळीचा नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे काका म्हणतायत ऑपरेशन करू नका. थांबा. आता दुसरी गोष्ट सांगतो, आणि ही सांगायला मला जड जातंय.

माझी भाची. वय २८, शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिचा गुडघा दुखायला लागला, रात्रीसुद्धा. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं, पोकळीत द्रवाचे थर दिसतात, रक्ताची सिस्ट असावी. सर्जनने सांगितलं, साधं काम आहे, छोटं भोक पाडून खरवडायचं, भरायचं, दोन दिवसांत घरी. बहिणीनं मला फोन केला, "दादा, काय करू?" मी म्हणालो, "डॉक्टर चांगला आहे, हात चांगला आहे, करून घे." मी म्हणालो. मी, ज्यानं तिचा एक्स-रे बघितलाच नव्हता, कारण काढलेला नव्हता, आणि मी मागितलासुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. खरवडून निघालेलं जे काही होतं ते कुठं गेलं? पॅथॉलॉजीला गेलं नाही. सात महिन्यांनी आम्ही फाईल मागितली तेव्हा कळलं. बादलीत गेलं.

सात महिन्यांनी गुडघा पुन्हा सुजला. या वेळी मुंबईला नेलं. तिथं पहिली गोष्ट काय केली माहितीये? साधा एक्स-रे. समोरून आणि बाजूनं. मग छातीचा एक्स-रे. मग रक्त, त्यात कॅल्शियम. मग सुईनं तुकडा. आठवड्यात उत्तर आलं: जायंट सेल ट्युमर. कॅन्सर नाही, पण सिस्टही नाही. हाड खात सांध्यापर्यंत जाणारी गाठ. वीस ते चाळीस वयात, गुडघ्याच्या आसपास, हाडाच्या अगदी टोकाला होते. वय, जागा, दोन्ही पुस्तकात लिहिल्यासारखं होतं. तोवर सांध्याखालचं हाड खचलं होतं. गुडघा काढून धातूचा सांधा बसवावा लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी.

त्या डॉक्टरांना मी विचारलं, आधी कळलं असतं तर? ते सरळ माणूस होते. म्हणाले, ही गाठ नीट ऑपरेशन केलं तरी काहींना परत येते, तेव्हा खात्री देत नाही. पण आधीच कळलं असतं तर मोठी खिडकी करून, बर्रनं कडेपर्यंत खरवडून सिमेंट भरता आलं असतं, सांधा कदाचित राहिला असता. कदाचित. माझी भाची आता जमिनीवर मांडी घालून बसू शकत नाही. पंगतीला तिला खुर्ची देतात आणि सगळे कौतुकानं "बस गं, बस" म्हणतात, तेव्हा मी मान खाली घालून जेवतो.

तर प्रश्न ऑपरेशन जास्त की कमी हा नाहीच. टेम्पोवाल्याला ज्या घाईनं टेबलवर घेणार होते त्याच घाईनं भाचीला घेतलं. एकाचं पाणी होतं, दुसरीची गाठ होती. बघितलं कुणीच नव्हतं.

ते द्रवाचे थर म्हणजे काय ते सांगतो. ताक तासभर न हलवता ठेवलं की खाली घट्ट बसतं आणि वर निवळी येते, मध्ये रेघ दिसते. पोकळीतलं रक्त तसंच थरानं बसतं, एमआरआयमध्ये ती रेघ दिसते. रक्ताच्या सिस्टमध्ये ती दिसते हे खरं. पण जायंट सेलमध्येही दिसू शकते, कारण दुसऱ्या गाठीच्या पोटात रक्ताची सिस्ट तयार होते. आणि हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, आतून सगळा रक्ताच्या कप्प्यांचा, त्यातही दिसते. त्यामुळे रेघ दिसली म्हणजे निदान झालं असं नाही, रेघ दिसली म्हणजे तुकडा काढायची वेळ झाली. त्यातून रक्ताची सिस्ट हीसुद्धा बहुतेक विशीच्या आतल्यांची. २८ वर्षांच्या बाईच्या हाडाच्या टोकाला ती निघाली तर आधी शंका घ्यायला हवी, भरवसा नंतर.

आणि साधा एक्स-रे काय सांगतो? कड सांगतो. शेताचा बांध शाबूत असेल तर पाणी जिथल्या तिथं, कित्येक वर्षांचं. बांध फुटलेला असेल, कुठं हाड संपतं आणि कुठं गाठ सुरू होते हेच कळत नसेल, तर पाणी वाहतंय. हाडाच्या गाठीचा स्वभाव, ती सावकाश वाढते की वेगानं, हे त्या कडेवरून ठरतं, आणि ती कड एमआरआयपेक्षा एक्स-रेत स्वच्छ दिसते. एमआरआय वाईट नाही. गाठ मांसात किती गेली, शिरा-नसांपासून किती लांब, हे तोच सांगतो. पण तो दुसऱ्या पायरीचा आहे. पहिली पायरी तीनशे रुपयांची आहे म्हणून तिच्यावरून उडी मारायची?

हो, पैशाचं बोलायलाच हवं. तीनशेच्या फोटोत कुणाचं काही सुटत नाही. सात हजारांच्या फोटोत सुटतं की नाही, ते तुम्ही मला विचारू नका, मी तुम्हाला सांगणार नाही, आपल्या दोघांनाही माहीत आहे. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, चांगली गोष्ट आहे, गरिबाला आधार आहे. पण ती पॅकेजवर चालते. खरवडायला पॅकेज आहे. "सहा महिन्यांनी परत ये, बघू" याला कसलं पॅकेज? थांबून बघणं हा सुद्धा उपचार आहे, पण त्याचं बिल बनत नाही.

सरकारचं तर काय सांगावं. मशीन येतं तेव्हा फीत कापायला रांग लागते, नारळ फुटतो, फोटो छापून येतो. ते मशीन वाचणारा रेडिऑलॉजिस्ट कुठाय, हे कुणी विचारत नाही. माझ्या नोकरीत मी कित्येक वर्षं अशी काढली की फिल्म मी काढायचो आणि वाचायला कुणीच नसायचं. आता फोटो ऑनलाइन कुठंतरी जातो, कुठूनतरी चार ओळींचा रिपोर्ट येतो. पाठवणाऱ्याला रुग्णाचं वय दिसतं, बाकी काही नाही. जुनी फिल्म नाही, दुखणं रात्रीचं की चालतानाचं माहीत नाही. मग तो बिचारा आपला बचाव म्हणून सगळं लिहून ठेवतो, हे असू शकतं, ते असू शकतं, तेही असू शकतं. त्यातला सगळ्यात भयंकर शब्द पेशंटच्या मोबाइलवर रात्री अकरा वाजता गुगल होतो.

डॉक्टर मंडळी आता म्हणतील, पेशंट थांबत नाही हो, आम्ही थांब म्हटलं तर दुसरीकडं जाऊन कापून घेतो. खरं आहे. काही राहिलं तर कोर्टात खेचतात, दवाखान्याच्या काचा फोडतात. तेही खरं, आणि काचा फोडणाऱ्यांच्या बाजूनं मी कधीच नव्हतो. आणि आपल्यातला दोष आपणच सांगू. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडं आज्यापासून नातवापर्यंत सगळे छातीठोक सांगतात. तुकडा काढू द्यायचा नाही, पण आख्खं हाड उघडू द्यायला तयार!

नीट केलेली बायोप्सी गाठ पसरवत नाही. चुकीच्या जागेतून, चुकीच्या माणसानं केलेली मात्र घोळ करते. अमेरिकेतल्या मॅन्किन या हाडांच्या डॉक्टरांनी १९८२ साली आणि पुन्हा १९९६ साली याचा हिशोब मांडला. दुसऱ्या वेळी ५९७ रुग्ण होते. बायोप्सी जिथं पुढचा उपचार होणार त्या केंद्राऐवजी आधीच्याच दवाखान्यात उरकली असेल, तर चुका आणि त्रास २ ते १२ पट. १८ जणांचे हात-पाय निव्वळ बायोप्सीच्या घोळामुळं कापावे लागले. ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडं मोजायला कोण बसलंय? कारण साधं आहे. सुईची वाट पुढच्या ऑपरेशनच्या चिरेतच यावी लागते, म्हणजे गाठ काढताना ती वाटही काढता येते. ते ठरवणार तोच, जो पुढं ऑपरेशन करणार. म्हणून शंकास्पद पोकळी असेल तर गावात सुईही नको, सुरीही नको. सर्जन, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलावर बसून फिल्म बघतात अशा ठिकाणी जा. परळच्या टाटामध्ये हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे, आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर.

रक्ताच्या सिस्टला दर वेळी चाकू लागतो असंही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी सुईनं औषध सोडून त्या सिस्ट आटवल्या, ७२ रुग्णांचा अनुभव २००६ साली परदेशी नियतकालिकात छापून आला. पॉलिडोकॅनॉल, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांना देतात तेच औषध. आपल्याच देशात झालेलं काम. पण त्यासाठीही आधी तुकडा हवा. गाठ कोणती हेच माहीत नसताना तिच्यात औषध सोडणार कसं?

आणखी दोन गोष्टी, घाईत सांगतो पण हलक्यात घेऊ नका. चाळिशीच्या पुढं हाडात नवी पोकळी सापडली तर तिला सिस्ट म्हणून मोकळं होऊ नका. दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलेला नाही ना, मज्जेचा मायलोमा नाही ना, हे आधी तपासायचं. आणि कुठल्याही वयात रक्तातलं कॅल्शियम बघायचं. मानेत पॅराथायरॉइड नावाच्या वाटाण्याहून लहान ग्रंथी असतात, त्यातली एक बिघडली की हाडं आतून पोखरतात, पोकळ्या हुबेहूब गाठीसारख्या दिसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा जायंट सेलसारख्याच. तिथं हाड खरवडून उपयोग नाही, मानेतली ग्रंथी काढली की हाड आपोआप भरून येतं. क्षयरोगही हाडात पोकळी करतो, आपल्या भागात तर विसरूच नये.

माझी मागणी फार नाही. आपल्या तालुक्यात जेवढे हाडांचे डॉक्टर आहेत त्यांनी एवढं जाहीर करावं: हाडातली पोकळी दिसली तर एमआरआयच्या आधी दोन बाजूंनी साधा एक्स-रे, आणि हाडातून जे काही काढलं जाईल त्याचा प्रत्येक कण पॅथॉलॉजीला, रिपोर्ट पेशंटच्या हातात. ऑपरेशन कितीही 'साधं' असलं तरी. जो लिहून देईल त्याचं नाव मी इथंच अभिमानानं टाकीन. आणि आमदार साहेब पोस्ट वाचत असतील, वाचतात असं त्यांचे कार्यकर्ते सांगतात, तर रेडिऑलॉजिस्टची रिकामी जागा भरा. फीत कापायला मी स्वतः कात्री घेऊन येतो.

तुम्ही सगळ्यांनी एक करा. जुन्या एक्स-रे फिल्म फेकू नका. १९९५ च्या ग्रहणाला निम्म्या गावानं आपल्या फिल्म सूर्याकडं बघायला वापरल्या, माझ्या डोळ्यांदेखत, तेही चूकच होतं, डोळ्याला घातक असतं ते. फिल्म पाकिटात घालून, तारीख लिहून, उभी ठेवा. हल्ली सीडी देतात नाहीतर मोबाइलवर लिंक येते, ती लिंक काही महिन्यांनी उघडत नाही, म्हणून आल्याबरोबर उतरवून घ्या. कागदावर छापून देत असतील तर फिल्म मागा. आणि मला व्हॉट्सअॅपवर एक्स-रेचे फोटो पाठवू नका, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या फोटोत मलाही काही दिसत नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो, पाकीट घेऊन या. निदान सांगणार नाही, कुणाकडं जायचं ते सांगेन. फी नाही, चहा मिळेल.

भाची पुढच्या महिन्यात तपासणीला मुंबईला जाणार आहे. जायंट सेल क्वचित फुप्फुसात जातो, म्हणून छातीचा एक्स-रे काढतात. काल फोनवर म्हणाली, "मामा, तेवढा इथंच काढून नेऊ का?" म्हटलं, काढू, पण या वेळी मी स्वतः येतो, आणि फिल्म आधी मी बघणार.